दोन ते चार

पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात, यावर पन्नास वर्षं विनोद चालू आहेत. त्यातला एकही मी सांगणार नाही. मला एवढंच सांगायचंय की दुकानदार झोपतो, त्याचे वडील झोपतात, सासूबाई आडव्या होतात, सकाळच्या शाळेतून आलेलं पोर पेंगतं आणि या सगळ्यांना निजवून मोकळी झालेली बाई त्या वेळी पायात चपला सरकवते आणि आमच्या संस्थेत येते. शिवण, टायपिंग, खाद्यपदार्थ. दोन ते चार. गेली साठ-पासष्ट वर्षं सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत त्या वेळेला जाग असायची ती फक्त वाड्याच्या माडीवर. चौदा पायमशिनी एकदम चालू झाल्या की खाली झोपलेल्या मालकांना स्वप्नात आगगाडी दिसायची. तशी लेखी तक्रार त्यांनी तीनदा केली. गाडी कुठे चालली होती ते मात्र कधी कळवलं नाही.

मी या संस्थेचा खजिनदार. कार्यकारिणीत अकरा बायका आणि मी. बँकेतून निवृत्त झालो त्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आलो, तर आमच्या हिने, म्हणजे संस्थेच्या कार्यवाहांनी, चहाच्या आधी संस्थेची कीर्द पुढ्यात ठेवली. तेव्हापासून घरात जे तोंडी ऐकतो तेच महिन्याच्या सभेत इतिवृत्तात लेखी मिळतं. फरक इतकाच की तिथे त्याखाली सही करावी लागते.

तर वाडा पाडायचा ठरला. बिल्डर आला, मोजमापं झाली, आणि महिना पंचेचाळीस रुपये भाड्यात आम्ही जे बादशहासारखे राहत होतो ते एका नोटिशीत संपलं. एका देणगीदारांच्या कृपेने कर्वेनगरात पहिल्या मजल्यावर दोन हॉल मिळाले. पार्किंग, चोवीस तास पाणी. सभेत अध्यक्षाबाईंनी ही बातमी सांगितली आणि कुणाचाच चेहरा खुलला नाही. शिवणाच्या बाई म्हणाल्या, "तिथून तुळशीबाग किती लांब?"

हा प्रश्न बाहेरच्याला पोरकट वाटेल. पण ब्लाऊजचं अस्तर, हुक, लेस, गोंडे, फॉलची पट्टी हे सगळं चालत सात मिनिटांवर असणं म्हणजे काय, हे ज्याने मोबाइलवर फोटो पाठवून 'मोरपंखी' रंगाचं अस्तर मागवलंय त्यालाच कळतं. आलेलं अस्तर मोराने ओळखलं नसतं. खाद्यपदार्थांच्या बाईंचं दुःख वेगळंच होतं : गिरणी. चकलीची भाजणी किती जाड, किती बारीक दळायची हे आमच्या गिरणीवाल्याला सांगावं लागत नसे, डबा बघूनच तो पाटा घट्ट करायचा. नव्या गिरणीत म्हणे बटण दाबलं की गव्हाचं, ज्वारीचं, बेसनाचं पीठ निघतं. भाजणीचं बटण नाही.

मी धीर द्यायला इतिहास काढला. म्हटलं, बायांनो, महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास म्हणजे बिऱ्हाड हलवण्याचा इतिहास आहे. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ साली मुंबईत चौपाटीला निघालं, पुढच्याच वर्षी पुण्यात आलं आणि शतक संपेपर्यंत केडगावला पोचलंसुद्धा. अण्णा कर्व्यांचा १८९६ चा आश्रम १९०० साली हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. तिथेच १९१६ साली महिला विद्यापीठ निघालं आणि पुढे तेही आपलं मुख्य बस्तान घेऊन मुंबईला गेलं. पुण्याचं सेवासदन १९०९ चं, ते रमाबाई रानड्यांच्या राहत्या वाड्यात सुरू झालं. म्हणजे स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत. लिज्जत पापड तर १९५९ साली गिरगावातल्या गच्चीवर, सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन. पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद पडलं, कारण गच्ची होती पण ऊन नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट घेतली, वर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला.

"त्यांना खाट घ्यायला खजिनदाराने किती दिवस लावले?" कार्यवाहांनी विचारलं. माझं इतिहासकथन तिथे आटोपलं.

तरी एक गोष्ट मला मनातून भावली होती. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणेच. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून अण्णा त्या वाटेने पायी जायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत. आता तिकडे जायच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे आणि चिखलाच्या जागी वाहनं आहेत. मेट्रो नळस्टॉपपर्यंत मोठ्या उमेदीने येते आणि मग आमच्याकडे न बघता पौड रस्त्याला वळते. राहता राहिली पीएमपी. संध्याकाळी डेक्कनवरून त्या बसने मी एकदा गेलो. अण्णा आधी पोचले असते.

विद्यार्थिनींना बातमी सांगितली तेव्हा एका आवाजात प्रश्न आला, "तिथे जवळ देऊळ आहे का?"

मला भरून आलं. काय ही श्रद्धा! मी सभेत तसं बोललोसुद्धा. त्यावर अकरा जणींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी बँकेत फक्त खोटी नोट सापडल्यावर पाहिली होती. रात्री जेवताना हिने उलगडा केला. वाड्याला लागून रामाचं देऊळ होतं. निम्म्या विद्यार्थिनी घरी 'प्रवचनाला जाते' म्हणून सांगून यायच्या. शिवण शिकते म्हटलं की घरात शंभर प्रश्न : काय कमी पडतंय? लोक काय म्हणतील? मशीन कोण घेऊन देणार? प्रवचनाला कुणी काही विचारत नाही. वर पुण्य घरातल्या सगळ्यांत वाटलं जातं.

मग मला आठवले ते आमचे प्रवेश अर्ज. संस्थेच्या स्थापनेपासूनचा एकच मसुदा आहे. त्यात सगळ्यात खाली एक ओळ आहे, जुन्या ऱ्हस्व-दीर्घासकट : 'यजमानांची अथवा पालकांची संमति असल्याबद्दल सही'. मी तीस वर्षं बँकेत नमुना सह्या पडताळल्या. पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं होतं की आमच्या विद्यार्थिनींचे सगळे यजमान आपापल्या बायकांसारखंच अक्षर काढतात. मला वाटलं, संसारात माणसं एकमेकांसारखी होत जातात. आता उमगलं की ते होणं एका बाजूनेच झालेलं होतं. मी काही बोललो नाही. त्या सह्या वटवायच्या नव्हत्या.

तर देऊळ शोधायला एक उपसमिती नेमली. तशी इतिवृत्तात नोंद आहे : 'नव्या वास्तूच्या परिसरात देवालय असल्यास विद्यार्थिनींच्या सोयीचे होईल, सबब पाहणी करण्यात यावी.' पहिलं सापडलं मारुतीचं. ते एकमताने नामंजूर झालं. रोज दुपारी दोन तास मारुतीपाशी काय करतेस, याला उत्तर नाही. शेवटी चार गल्ल्या टाकून विठोबा सापडला. विठोबाला दुपारचं भजन चालतं, रोज चालतं, आणि टाळ वाजवून हात दुखले असंही सांगता येतं. शिवणाने दुखतात तसेच.

आता सामान. सार्वजनिक संस्थेला सामान नसतं, तिला जडवस्तू संग्रह नोंदवही असते. ती घेऊन मी आठ दिवस माडीवर बसलो. नोंदवहीत जे आहे ते माडीवर नव्हतं आणि माडीवर जे आहे ते नोंदवहीत नव्हतं. जमलं ते फक्त एका नोंदीचं. 'स्त्री, लाकडी, धड, नग १. शेरा : सुस्थितीत.' ही आमची मापाची बाई. तिच्यावर ब्लाऊज चढवून शिवण शिकवतात. तिला डोकं नाही. कार्यवाह म्हणाल्या, कार्यकारिणीत असती तर एव्हाना अध्यक्ष झाली असती. अध्यक्षाबाई खोकल्या. ही नोंद इतिवृत्तात घेतलेली नाही.

बाकी वस्तूंची गंमत अशी की त्यातली एकही संस्थेची नव्हती. सगळ्या कैलासवासी होत्या. कपाट कै. अमुकांच्या स्मरणार्थ, पंखा कै. तमुकांच्या, पाण्याचा माठ ठेवायची तिवईसुद्धा कुणाच्या तरी आत्याबाईंच्या पुण्यस्मरणार्थ. लाल रंगात, सुवाच्य. एका कपाटाच्या दोन दारांवर दोन भावांची नावं होती, आणि दोघांचं हयातीत पटत नसल्याने म्हणे ते दार कधी नीट लागलंच नाही. यातलं काही भंगारात द्यायचं म्हटलं की समितीतली कुणीतरी दचकायची : "अहो, त्यांच्या सूनबाई अजून तुळशीबागेत भेटतात मला!" टायपिंगच्या बाईंनी सहा टाइपरायटरांपैकी पाच मुकाट्याने भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊ दिले. सहाव्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यावर त्या स्वतः शिकल्या होत्या. कॉम्प्युटर आल्यापासून त्याला कुणी शिवलं नव्हतं, तरी त्याच्या फितीला शाई होती. ती त्या भरत होत्या.

आणि जुन्या पत्त्याची पावतीपुस्तकं, चाळीस. ती मात्र मी राखली. छापलेला कागद फुकट घालवायचा नाही, हा माझा बाणा. जुन्या पत्त्यावर काट मारून वर नवा लिहायचा. एका पुस्तकात शंभर पावत्या म्हणजे चार हजार वेळा काट. निवृत्त माणसाला वेळेचं काय.

हलायचं कधी, यावर तीन सभा झाल्या. नवरात्र ते दिवाळी शक्य नाही, कारण वर्षभराच्या खर्चाचा निम्मा भार आमच्या चकली-चिवडा-अनारशांवर. दिवाळीनंतर वाडा नाही. मी हळूच म्हटलं, पितृपक्षात टेम्पो स्वस्त मिळतो. सभेत असा सन्नाटा पसरला की खालच्या मालकांचं घोरणं ऐकू आलं. पितृपक्षात नवी जागा? त्यावर शिवणाच्या बाई, ज्या एरवी बोलत नाहीत, दोरा दाताने तोडत म्हणाल्या, "हलवायचंय ते सगळं कैलासवासीच आहे. उलट त्यांचाच पंधरवडा. बरं वाटेल त्यांना."

या युक्तिवादाला धर्मशास्त्रात उत्तर असलं तरी आमच्या सभेत नव्हतं. ठराव झाला : सामान पितृपक्षात, संस्था घटस्थापनेला.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विनोदाचा विषय नाही. आमच्यासारख्या संस्थेला दोन सासरे असतात, एक १८६० चा सोसायटी कायदा आणि दुसरा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा. नोंदीत काहीही बदललं की दुसऱ्या सासऱ्यांना, म्हणजे धर्मादाय कार्यालयाला, नव्वद दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा. पत्ता बदलला तरी. तो मी दिला. त्यासोबत ठरावाची प्रत, सभेची सूचना, सूचनेची पोच, संमतीपत्रं आणि शपथपत्र. लग्नात मी इतके कागद दिले नव्हते.

हलायच्या दिवशी दोन छोटे हत्ती, म्हणजे टेम्पो, आले. हमालांचा दर ठरला नव्हता आणि तो ठरेपर्यंत विद्यार्थिनींनी निम्मं सामान जिन्याने खाली आणलेलं होतं. बिडाच्या पायांची मशीन उचलायची एक रीत असते. एकीने चाकाच्या बाजूने धरायची, दुसरीने पायडलच्या, आणि पट्टा आधी काढून ठेवायचा. दर शनिवारी झाडलोटीला त्या हे करतच आल्या आहेत. नव्या जागेत तळमजल्यावर जिम आहे. तिथली दोन भरदार मुलं सौजन्याने धावली, "आंटी, तुम्ही व्हा बाजूला." पहिली मशीन त्यांनी तिसऱ्या पायरीवर टेकवली आणि तिथेच तिच्याशी काही काळ हितगुज केलं. मग दोघी आल्या, पदर खोचला, आणि मशीन वर गेली. मुलं म्हणाली, "आंटी, टेक्निक आहे तुमची." त्यातली एक 'आंटी' तेवीस वर्षांची होती. तिने वळून जे पाहिलं त्यानंतर जिमवाल्यांनी संस्थेतल्या सगळ्यांना ताई म्हणायला सुरुवात केली, मला धरून.

मापाच्या बाईला टेम्पोत जागा उरली नाही. तिला मी पुढे माझ्या नि ड्रायव्हरच्या मध्ये बसवलं, आणि ऊन लागतं म्हणून नव्हे, लोक बघतात म्हणून वरून चादर घातली. त्याने लोक जास्त बघायला लागले. एका सिग्नलला हवालदाराने खिडकीतून वाकून विचारलं, "कोण आहेत?" मी म्हटलं, "संस्थेच्या आहेत." तो चादर वर करून पाहता झाला आणि काही न बोलता सलाम करून मागे सरला. कशाला सलाम केला, मला आजही नीट कळलेलं नाही.

पाटीचं सांगायचं राहिलं. जुनी पाटी लाकडी, 'स्त्रियांकरितां' असे भरघोस अनुस्वार असलेली. नवी फ्लेक्सची. मजकूर मी स्वतः लिहून दिला, आणि छापून आलं : 'शिवण, टकलेखन, खाद्यपदार्थ'. साठ वर्षांपूर्वी अनुस्वार उरले होते, आता एक कमी पडला. माझ्या डोक्याकडे बघून टायपिंगच्या बाई म्हणाल्या, "राहू द्या. खजिनदारांचा वर्ग असेल." त्या जागी त्यांनी नेलपॉलिशचा एक ठिपका दिला. मरून रंगाचा. रस्त्यावरून कळत नाही.

घटस्थापनेला सकाळी दूध उतू घालवायचं ठरलं. नवी शेगडी, नवं पातेलं, एक लिटर दूध. समोर खाद्यपदार्थ वर्गाच्या बावीस विद्यार्थिनी, मागे आम्ही, आणि काहींच्या घरची माणसं. प्रथमच. जागा लांबची झाल्यावर दोन-तीन घरांत खरं सांगावंच लागलं होतं. विठोबा सगळ्यांना पुरला नाही.

दुधाला कड आला. वर आलं, काठाला लागलं आणि फट्‌दिशी गॅस बंद झाला. पुढे उभ्या असलेल्या मुलीने आपल्याच हाताकडे पाहिलं. "अगं, बंद का केलास?" "चुकून हो, हात गेला." पुन्हा लावला. दूध वर आलं. या वेळी दुसरीचा हात गेला. तिसऱ्या वेळी पहिलीला दूर उभं केलं, दुसरीचे हात मागे बांधायला लावले, तर तिसरीने फुंकर मारली. या बायकांना सहा महिने बाईंनी एकच शिकवलं होतं : उतू गेलं की नफा गेला. बाई स्वतः डोळे मिटून उभ्या होत्या. त्यांना बघवत नव्हतं. दूध आटत चाललं होतं, थोड्या वेळाने बासुंदीचीच वास्तुशांत झाली असती.

तेवढ्यात मागून एक आजीबाई पुढे आल्या. नऊवारी, हातात पिशवी. कुणाच्या तरी सासूबाई. "सरा गं बाजूला," म्हणाल्या आणि शेगडीकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून, आट्यापाट्यातल्यासारख्या उभ्या राहिल्या. मागे दूध फसफसून उतू गेलं, शेगडीवर सळसळलं, जळका वास सुटला. बावीस जणी एकदम हळहळल्या. आजी म्हणाल्या, "झालं. आता पुसा."

पुसापुशीत त्यांची सून त्यांच्यापाशी आली. ती चोरासारखी उभी होती, कारण ती प्रवचनवाल्यांतली. आजी आमच्या हिला म्हणाल्या, "दोन वर्षं म्हणत होती रामाला जाते. रामाला जाऊन आलेल्या बाईच्या पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटतात होय? आणि प्रसाद? एक दिवस खडीसाखर आणली नाही." मग थांबून, "पण माझ्या झंपराच्या बाह्या आता काखेत काचत नाहीत, म्हणून म्हटलं, असेल बाई रामाची कृपा."

ही हसली. मग आजींनी पिशवी बाकावर ठेवली आणि विचारलं, "मलाही शिकायचंय. गोधड्या येतात मला हातावर. मशीनवर नाही. फी किती?"

मी अर्ज पुढे केला. आजींनी चष्मा लावून एक-एक अक्षर जोडून नाव लिहिलं, वय लिहिलं, ते दोनदा खोडलं. शेवटच्या ओळीपाशी आल्या. 'यजमानांची अथवा पालकांची संमति असल्याबद्दल सही'.

"हे तर गेले बारा वर्षांमागे," त्या म्हणाल्या. "आता कुणाची?"

अकरा जणींनी माझ्याकडे पाहिलं. मसुदा बदलायचा तर सभा, ठराव, सूचक, अनुमोदक. मी काही बोलायच्या आत सुनेने माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि त्या ओळीवर सही केली. तिचं स्वतःचं अक्षर, मी ओळखलं. दोन वर्षांपूर्वीच्या तिच्या अर्जावर तिच्या यजमानांचंही असंच होतं.

मी पावतीपुस्तक काढलं, सदाशिव पेठेवर काट मारली आणि वर कर्वेनगर लिहिलं.